माळढोक गेला, सातबारा अडकला : एका अभयारण्याची गोष्ट

माळढोकचा विषय निघाला की आपल्या सोलापूर-करमाळा-कर्जत पट्ट्यात दोनच वाक्यं ऐकू येतात. "त्या पक्ष्यापायी आमची जमीन अडकली" आणि "आता पक्षी राहिलाय कुठं?" दोन्ही खरी आहेत. पण एकातून दुसरं कसं घडलं, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

हा पक्षी मुळात आपल्या दख्खनच्या माळाचा. १८२०-३०च्या दशकात कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये फिरून पाहणी करत होता. त्याने पक्ष्यांची यादी केली, तीत माळढोक इथे भरपूर असल्याचं लिहिलंय. एका साहेबाने हजारभर माळढोक मारल्याचीही नोंद आहे. म्हणजे पहिला घाव शेतकऱ्याचा नव्हता, बंदुकीचा होता. पुढे शिकारीचे परवाने, बंदीचे महिने असे कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५१चा. त्यात शिकारीला परवाना लागायचा, पण शिकार चालूच होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकला पहिल्या अनुसूचीत घातलं आणि शिकार कायमची बंद झाली.

तोपर्यंत हा पक्षी टिकला कसा? आपल्या कोरडवाहू शेतीमुळे. आपला भाग रब्बीचा. पावसाळ्यात राने मोकळी आणि माळावर गुडघ्याएवढं गवत. नेमका तोच माळढोकच्या विणीचा हंगाम. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. टोळ, नाकतोडे, भुंगे हे खाणं शेतात आणि माळावर फुकट मिळायचं. पुढे ज्वारी, हरभरा, करडई यायची. धनगराची मेंढरं, शेतकऱ्याचं औत आणि हा पक्षी एकाच रानात वावरायचे, कुणाची कुणाला अडचण नव्हती.

सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षीप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरचे माळढोक फोटो काढून लोकांपुढे आणले. सरकार हललं आणि १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! मुंबई शहर आणि उपनगरं मिळून साधारण सहाशे चौरस किलोमीटर भरतात. म्हणजे चौदा मुंबया. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा, सगळं एका रेघेच्या आत. यातली बहुतांश जमीन खासगी, लोकांच्या सातबाऱ्यावरची.

कायद्यात एक कलम आहे. अभयारण्याची अधिसूचना निघाली की वारसाहक्क सोडून त्या जमिनीवर नवा हक्क निर्माण होत नाही. जंगलासाठी हे ठीक. पण इथे लाखो लोक राहत होते. पोरीच्या लग्नाला एकर विकायचा, विहिरीसाठी कर्ज काढायचं, घर बिगरशेती करायचं, तर मध्ये अभयारण्य. मी वार्ताहरकी सुरू केली तेव्हा तहसीलच्या आवारात हेच ऐकायचो. "रानात माळढोक दिसला तर कुणाला सांगू नका, रान जाईल," असं माणसं एकमेकांना बजवायची. ज्या शेतकऱ्यानं पक्षी आल्याची बातमी आनंदानं द्यायची, तोच लपवायला लागला. सगळ्यात मोठं नुकसान मला हे वाटतं.

दुसरीकडे त्याच काळात उजनीचं पाणी आलं. ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. शेतकऱ्यानं का लावू नये? दुष्काळ भोगलेला माणूस पाणी सोडत नाही. पण उसाच्या फडात माळढोक राहत नाही, त्याला लांबवर नजर पोचेल असं उघडं रान लागतं. उरल्यासुरल्या माळावर झाडं लावायच्या योजना आल्या. ग्लिरिसिडियासारखी झाडं वाढली आणि गवताचा माळ कमी झाला. झाड लावलं की निसर्ग वाचला, हा आपला जुना समज.

शेवटी लोकांचा संताप, समित्या, कोर्टकचेरी होऊन अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. लोकांना दिलासा मिळाला, पण तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक असतील, बहुतेक जैसलमेरकडे. तिथे २०१९पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचा प्रयत्न चालू आहे.

याच पट्ट्यातलं दुसरं उदाहरण बघा. कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, १९८०चं. क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर. तिथे काळवीट वाढलं. अर्थात काळवीट वाढलं की आसपासच्या पिकात शिरतं, तो त्रास शेतकऱ्यालाच. पण जेवढं राखता येईल तेवढंच आखलं, म्हणून तिथे राखलं तरी गेलं.

हे आज सांगायचं कारण, माळ अजून पूर्ण संपलेला नाही. लांडगा आहे, खोकड आहे, काळवीट आहे. आणि यांच्यासाठी नवं काही आखायची चर्चा अधूनमधून होतेच. माझं म्हणणं एवढंच, की नकाशावर रेघ मारण्याआधी ग्रामसभेत या. कुणाचा गट नंबर आत जातोय ते वाचून दाखवा. पीक खाल्लं तर पंचनामा कोण करणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, ते लेखी द्या. गवत राखणाऱ्याला वर्षाला काही मिळणार असेल, तर तोही आकडा सांगा. आपला शेतकरी पाखराचा वैरी नाही, पिढ्यानपिढ्या गोफणीनं राखणही केली आणि पाखरांना दाणेही सोडले.

तुमच्या घरात कुणी माळढोक रानात बघितला असेल, तर आजोबा-आजींना विचारा. कोणतं गाव, कोणता शिवार, साधारण कोणतं साल, ते खाली लिहा. ज्यांचे व्यवहार तेव्हा अडकले, त्यांनीही लिहा. दोन्ही बाजू एका जागी यायला हव्यात.