ऑनररींचे शहर आणि संशोधनाचा वेळ

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाची उजळणी बहुधा नावांनी होते : भाऊ दाजी, हाफकिन, जीवराज मेहता, रुस्तम वकील. माणसे मोठीच होती, पण त्यांच्या मोठेपणाआड एक उणीव दडून राहते. रुग्ण तपासावा आणि त्या तपासणीतून पडलेल्या प्रश्नाचा छडाही लावावा, अशी दोन्ही कामे एका पगारात बसवणारी नोकरी या शहरात फार काळ नव्हतीच. संशोधन झाले ते फावल्या वेळात, पदरमोड करून, नाहीतर साथ दाराशी आली म्हणून. बुद्धीचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो पदाचा.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यातले भाऊ दाजी लाड यांनी पुढे कुष्ठरोगावर औषधयोजना करून पाहिली, पण स्वतःच्या व्यवसायाच्या बळावर. प्राध्यापकपदे होती मुख्यतः इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे, आणि ही सेवा मुळात लष्करी. तिथे बढती चाले ज्येष्ठतेने आणि बदली हुकमाने. रोनाल्ड रॉस यांना ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, आणि थोड्याच दिवसांत त्यांची राजपुतान्यात खेरवाड्याला बदली झाली. सरकारने आपल्याच माणसाला उसंत दिली नाही, तिथे नेटिव्ह डॉक्टरची काय कथा! १८९६ च्या प्लेगने चित्र पालटले, पण अर्धेच. ग्रँट कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस तयार झाली, १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. हाफकिन स्वतः डॉक्टर नव्हते. प्रयोगशाळा परळला आणि कॉलेजचे रुग्ण भायखळ्याला जे.जे. रुग्णालयात, अशी ही फारकत झाली. ती केवळ अंतराची नव्हती.

१९२६ मध्ये परळलाच, हाफकिनच्या प्रयोगशाळेशेजारी, के.ई.एम. रुग्णालय उघडले तेव्हा ही फारकत मिटायला हवी होती. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीला अट होती की रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात सरकारी नोकरीत नसलेले हिंदी डॉक्टरच शिकवतील. जीवराज मेहता पहिले डीन झाले. गोऱ्यांची मक्तेदारी मोडली, हे यश निर्विवाद. मात्र नव्या घरात जुनीच चणचण आली. मोठे डॉक्टर ऑनररी, म्हणजे मानद : सकाळी वॉर्ड आणि विद्यार्थी, दुपारनंतर पोटापाण्यासाठी स्वतःचे कन्सल्टिंग. रुग्णालयाला नामवंत डॉक्टर जवळजवळ फुकट मिळाले आणि गरिबाला त्यांचा हात लागला, हा लाभ मी नाकारत नाही. पण या दिनक्रमात संशोधनाची वेळ कोणती?

कोणी म्हणेल, तरी रुस्तम वकील यांनी संशोधन केलेच ना! खरे आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाने दखल घेतली. मात्र त्याच वनस्पतीतले रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत. आपल्याकडचे निरीक्षण अस्सल होते. ते पुढे नेणारी पगारी माणसे तिकडे होती. महाडजवळ विंचूदंशावर काम करणाऱ्या हिंमतराव बावस्करांचे उदाहरणही असेच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नोंदींतून त्यांनी थेट ‘लॅन्सेट’ गाठले, प्राझोसिन या औषधाने माणसे वाचवली. पण त्यांच्या चिकाटीवरून व्यवस्थेला गुण देणे म्हणजे पोहून नदी पार करणाऱ्याकडे बोट दाखवून पूल नाकारणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रांगा एवढ्या लांब असताना डॉक्टरला प्रयोगात गुंतवणे परवडेल का? इथे विंचूच साक्ष देतो. हा आजार कोकणातल्या शेतकऱ्याचा; त्याचे उत्तर बोस्टनमध्ये कोण शोधणार होते? आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच पूर्णवेळ पगारी अध्यापकांची शिफारस केली होती आणि दिल्लीला १९५६ मध्ये एम्स त्या वाटेने उभे राहिले. मुंबईच्या पालिका रुग्णालयांनी ऑनररींचीच रीत पुढे कैक वर्षे चालवली. नंतर बढतीसाठी शोधनिबंध सक्तीचे झाले, तेव्हा निबंधांची संख्या मोजायची सोय झाली. ओपीडीतून आठवड्याचे दोन दिवस मोकळे करण्याची मात्र झाली नाही.