'केलं'च्या पोटातलं 'कृत'

रामदासपेठ म्हणजे नागपुरातली दवाखान्यांची वस्ती. इथून सुट्टी होताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी कर्मणी प्रयोगाचं राज्य असतं: 'इंजेक्शन वॉज गिव्हन', 'टॅब्लेट्स वेअर गिव्हन'. घरचे हेच फोनवर सांगतात: इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. कोणी दिल्या, हे दोन्हीकडे गाळलेलं. मग इंग्रजीला लागणारा 'वॉज', 'वेअर'चा टेकू मराठीला का लागत नाही?

उत्तर मराठी भूतकाळाच्या जन्मात आहे. संस्कृतातलं 'कृत' हे मुळातच कर्मणी रूप, टेकूशिवाय वाक्य पेलणारं. प्राकृतात त्यातला 'त' झिजला, 'इल्ल' प्रत्यय चिकटला आणि 'केला, केली, केलं' घडलं. 'गत'चं 'गेला' आणि 'मृत'चं 'मेला' याच वाटेने आलं. 'रामेण ग्रन्थः पठितः' आणि 'रामाने ग्रंथ वाचला' यांचा साचा एकच: कर्ता तृतीयेत, क्रियापद कर्माच्या मागे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव वाक्यांपैकी एक, आणि तेही याच साच्यातलं. आज 'मी वाचलं' म्हणताना 'मी'वर तृतीयेची खूण दिसत नाही. जुन्या 'म्यां'त ती होती.

इंग्रजी आणि मराठीचं नातं याहूनही जुनं आहे. 'ॲडमिटेड'च्या शेवटचा 'ड' आणि 'कृत'मधला 'त' एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वंशज. 'गिव्हन'च्या शेवटच्या 'न'चा भाऊबंद 'भिन्न', 'खिन्न'मध्ये भेटतो.

म्हणूनच इंग्रजी कर्मणी प्रयोगाचा धडा मराठी मुलांना परका वाटू देऊ नये. 'टॅब्लेट'ला 'वॉज' आणि 'टॅब्लेट्स'ला 'वेअर' का, हे 'गोळी दिली, गोळ्या दिल्या' म्हणणाऱ्याला पटकन कळतं. दोन्हीकडे क्रियापद कर्माचंच ऐकतं. वर्तमानकाळात मात्र 'मी गोळी देतो', तिथे ते कर्त्याचं ऐकतं.

एक फरक तेवढा नीट सांगायला हवा. कर्ता समोर असला की हा जुना कर्मणी प्रयोग आज आपल्या मनाला कर्तरीच वाटतो. म्हणून 'नर्सने गोळी दिली'चं सरळ इंग्रजी 'नर्स गेव्ह'. कर्ता गाळून नुसतं 'गोळी दिली' म्हटलं की इंग्रजीत 'टॅब्लेट वॉज गिव्हन'. आणि नर्सचं नाव घ्यायचंच असेल, तर शेवटी 'बाय' लावून घ्यावं. मुलांनी आधी मराठी वाक्यात कर्ता शोधावा. 'वॉज' लागेल की नाही, ते तिथेच ठरतं.