गणपती परिशिष्टात : एका सामूहिक चिकित्सेचा इतिहास

गेली काही वर्षे महाविद्यालयांमधून ‘क्रिटिकल थिंकिंग’ या विषयावर कार्यशाळा भरू लागल्या आहेत. नोकरीत पुढे जायचे असेल, चारचौघांच्या गटात नीट काम करायचे असेल तर हे कौशल्य आत्मसात करा, असे त्यांत विद्यार्थ्यांना सांगितले जाते. सांगण्यात गैर काही नाही. तरीही मराठीचे अध्यापक म्हणून मागच्या बाकावर बसून ऐकताना आम्हांला चुटपुट लागून राहते. ज्या गोष्टीला आपल्या भाषेत ‘चिकित्सा’ असा नेमका शब्द आहे, जो शब्द वैद्याच्या रोगपरीक्षेपासून ग्रंथाच्या पाठपरीक्षेपर्यंत पोहोचला आहे, त्या गोष्टीचा आपल्याकडील इतिहास या विद्यार्थ्यांना कुणी सांगतच नाही. सांगायचाच तर तो फार दूर शोधावा लागत नाही. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर एका संस्थेत तो सत्तेचाळीस वर्षे घडत होता.

ही संस्था म्हणजे 1917 साली स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, आणि हे काम म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती. अशी आवृत्ती व्हावी ही कल्पना विंटरनित्स यांनी 1897 मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती. युरोपात झालेले प्रयत्न पहिल्या महायुद्धाने खुंटले. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि 1 एप्रिल 1919 रोजी वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते पुण्यात कामाचा आरंभ झाला. पाठांची नोंद करण्याच्या तक्त्यावर मंगलश्लोक लिहून त्यांनी तो केला.

तो तक्ता आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणावा, कारण या इतिहासाचा खरा नायक तोच आहे. वरच्या ओळीत श्लोक अक्षरशः सुटा करून मांडायचा. खाली एकेका हस्तलिखिताला एकेक ओळ. जिथे पाठ वेगळा असेल तिथे तो त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा. प्रत्येक श्लोक किमान दहा हस्तलिखितांशी ताडून पाहायचा असा दंडक होता आणि बहुतेक ठिकाणी ही संख्या त्याहून बरीच मोठी असे. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्या एका माणसाला येणे शक्य नव्हते. म्हणून काही ताडणी पुण्यात, काही शांतिनिकेतनात, काही तंजावरच्या सरस्वती महालात झाली. तक्ता तयार झाला की शारदा वाचणाऱ्याचा शब्द आणि मलयाळम वाचणाऱ्याचा शब्द एकाच पातळीवर, एकाखाली एक येऊन बसे. कुणाचा आवाज मोठा, कुणाचे पद वरचे, याला तिथे जागाच उरत नसे.

पहिले संपादक उत्गीकर यांनी 1923 मध्ये विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढली आणि ती जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवली. काम पुरे होण्याआधी ते कच्च्या स्वरूपात टीकेसाठी पुढे करणे, ही आजही आपल्या विद्यापीठीय वातावरणात दुर्मीळ असलेली रीत आहे. 1925 मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. त्यांची वाटचाल सरळ रेषेतली नव्हती. केंब्रिजला गणित, मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत व्याकरण, मग काही काळ पुरातत्त्व खाते, मग भासाची नाटके, आणि अखेर महाभारत. विषय बदलत गेले. पुराव्याशिवाय पाऊल न टाकण्याची सवय तेवढी सोबत राहिली. ‘करिअर’ या शब्दाने हल्ली जे सुचवले जाते, त्याला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

सुकथनकरांनी पाळलेले नियम सांगायला सोपे आहेत. एकमेकींशी संपर्क नसलेल्या दोन परंपरा, उदाहरणार्थ काश्मीरची आणि केरळची, एकच पाठ देत असतील तर तो जुना मानावा. दोन पाठांपैकी एक अवघड आणि एक सुबोध असेल तर अवघड पाठाकडे कल ठेवावा, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. नियम सोपे असले तरी त्यांचे निकाल पचवणे सोपे नव्हते. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेली कथा महत्त्वाच्या परंपरांच्या हस्तलिखितांत आढळली नाही. ती मूळ संहितेतून निघाली आणि आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. ज्या पुण्यात भाद्रपदातले दहा दिवस गणपतीचे असतात, त्याच पुण्यात हा निर्णय झाला! द्रौपदीने स्वयंवरात ‘सूताला वरणार नाही’ असे म्हणून कर्णाला अव्हेरले, ही नाट्यलेखकांची आवडती घटनाही मुख्य संहितेत टिकली नाही.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. वगळलेले काहीही फेकून दिलेले नाही. लहान प्रक्षेप तारांकित क्रमांकांनिशी तळटीपांत आहेत, मोठे परिशिष्टांत आहेत, आणि कोणत्या हस्तलिखितात ते आहेत हेही नोंदवलेले आहे. ज्याला संपादकांचा निर्णय मान्य नसेल त्याने त्याच पानावरचा पुरावा घेऊन तो उलटवावा, अशी ही व्यवस्था आहे. आणखी एक खूण तर आम्हांला फार मोलाची वाटते. जिथे स्वीकारलेल्या पाठाविषयी संपादकाची पुरेशी खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली आहे. आपली शंका आपणच मोठ्या ग्रंथाच्या पानापानावर उघड छापायची, याला धैर्य लागते.

टीका अर्थातच झाली. सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या थोर पंडिताने, मूळ संहिता घडवण्याचा नाद सोडून नीलकंठी पाठच छापावा, असे सुचवले. नीलकंठ चतुर्धर मूळचे गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातले. त्यांचा पाठ मुंबईच्या छापील पोथ्यांमुळे महाराष्ट्रात रूढ झालेला. अभिमानाखातर ही सूचना स्वीकारणे किती सोपे होते! सुकथनकरांनी ती कारणे देऊन नाकारली. वाल्टर रूबेन यांच्या आक्षेपांना त्यांनी 1930 मध्ये स्वतंत्र लेख लिहून उत्तर दिले. आपण सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांचे मूळ शब्द नव्हेत, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल तेवढे जुने रूप आहे, ही मर्यादाही त्यांनीच स्पष्ट केली. आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झाल्यानंतर नेपाळातून त्याचे एक जुने हस्तलिखित हाती आले, आणि त्याने त्यांच्या अनेक निर्णयांना दुजोरा दिला. समजा तसा तो दिला नसता, तरी पद्धत खोटी ठरली नसती. निर्णय बदलता आले असते, कारण बदलण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती.

या कामाची किंमतही सांगितली पाहिजे. सुकथनकर 21 जानेवारी 1943 रोजी गेले. त्या वेळी ते मुंबईत महाभारताच्या अर्थावर व्याख्यानमाला देत होते. चौथे व्याख्यान द्यायचे राहून गेले. अक्षराअक्षराची छाननी करणारा हा माणूस शेवटी अर्थाकडेच वळला होता, हे ‘चिकित्सा रसाला मारते’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. त्यांच्यामागे काम थांबले नाही. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य प्रमुख संपादक झाले. सभापर्व अमेरिकेच्या एजर्टन यांनी, उद्योगपर्व बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी संपादिले. 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत समाप्तीचा समारंभ झाला तेव्हा आरंभ करणाऱ्यांपैकी बहुतेक हयात नव्हते. वर्षानुवर्षे तक्ते भरणाऱ्यांची नावे आपल्या कोणत्याही अभ्यासक्रमात येत नाहीत. माणसे बदलूनही काम टिकले, कारण शहाणपण एखाद्याच्या डोक्यात न राहता तक्त्यावर उतरलेले होते.

आणि त्याचे फळ आपल्या भाषेलाही मिळाले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (1967) लिहिताना याच आवृत्तीचा आधार घेतला. चमत्कारांचे थर बाजूला सारून माणसे पाहण्याची त्यांची दृष्टी त्यांची स्वतःची; पण पायाखालची जमीन या अनाम हातांनी साफ केलेली होती.

कार्यशाळांत विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवतात. तो चिकित्सेचा पहिला भाग झाला. आपला पुरावा दुसऱ्याला तपासता येईल असा मांडणे, नाकारलेले मत जपून ठेवणे आणि स्वतःच्या शंकेखाली रेघ ओढणे, हा उरलेला भाग. आणि गट टिकतो तो याच भागावर. आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना आम्ही अलीकडे एवढेच सांगतो की, निबंध लिहून झाला की पुन्हा वाचा आणि जी विधाने आपण खात्रीविना केली असतील त्यांच्याखाली पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढा. पहिल्या खेपेस बहुतेक निबंध कोरेच परत येतात. दुसऱ्या खेपेस एखाद-दुसरी रेघ दिसू लागते. मग आम्ही आमच्याच जुन्या टिपणवह्या काढतो, आणि पेन्सिल आम्हांलाही हातात घ्यावी लागते.