कॅसलरॉक–कुळे घाट संगणकावर : ट्रेन सिम्युलेटरसाठी खऱ्या जमिनीचा नकाशा कसा तयार होतो?

लोंड्याहून गोव्याकडे निघालेली गाडी कॅसलरॉकला थांबते. ब्रेक तपासले जातात आणि मग साधारण २६ किलोमीटर ती नुसती उतरत जाते. करंझोळ, दूधसागर, सोनावळी आणि शेवटी कुळे. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. उलट दिशेनं येणाऱ्या गाडीला म्हणूनच बँकर इंजिनं जोडावी लागतात. हा घाट घरच्या संगणकावर चालवायला मिळावा, असं म्हणणारे रेल्वेवेडे या पट्ट्यात कमी नाहीत.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर बाजारात आला, तेव्हा त्यात सहा मार्ग होते. त्यात भारतातला एकही नव्हता. पुढं हौशी मंडळींनी आपापले मार्ग बनवायला सुरुवात केली. आज हे काम बरंचसं 'ओपन रेल्स' या मोफत सिम्युलेटरसाठी किंवा 'ट्रेन्झ'साठी होतं. इंजिन, डबे, सिग्नल तयार मिळतात. जमीन मात्र ज्याची त्यालाच करावी लागते आणि घाटाच्या मार्गात खरी मेख तिथंच आहे.

जमिनीचे आकडे फुकट मिळतात. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानानं ११ दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. हीच ती 'एसआरटीएम' माहिती. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश यांच्या चौकोनाची एक फाइल असते. १५ उत्तर, ७४ पूर्व या एकाच फाइलमध्ये बेळगाव, लोंडा, कॅसलरॉक, दूधसागर आणि कुळे सगळं बसतं. मडगाव आणि वास्को मात्र ७४ रेखांशाच्या पश्चिमेला, त्यामुळं तिथपर्यंत जायचं तर शेजारची फाइलही घ्यावी लागते. एका फाइलमध्ये ३६०१ ओळी, प्रत्येक ओळीत ३६०१ आकडे. आपल्याकडं दोन आकड्यांमधलं अंतर सुमारे ३० मीटर भरतं.

मार्ग बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल टाकली की काही मिनिटांत सह्याद्री पडद्यावर उभा राहतो. नवखा माणूस इथं खूश होतो आणि सरळ त्या डोंगरावर रूळ टाकायला बसतो. पहिली चूक ती इथंच.

सिम्युलेटरची जमीन ३० मीटरची नसते. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत ती २०४८ मीटरच्या चौरसांत असते आणि दर ८ मीटरला एक ठिपका असतो. म्हणजे एका खऱ्या आकड्याच्या जिवावर सुमारे १४ ठिपके उभे राहतात, बाकी सगळं अंदाजपंचे. रेल्वेचं कटिंग किंवा भराव काही मीटर रुंद असतो. डोंगराच्या कुशीत कोरलेली रुळांची पायरी ३० मीटरच्या जाळीत दिसतच नाही, उतारात विरून जाते. त्यात एसआरटीएमचे आकडे पूर्ण मीटरमध्ये आहेत. ३७ ला १ चढावर ३० मीटरमध्ये रूळ जेमतेम ०.८१ मीटर चढतो. या मापानं तो मोजायचा म्हणजे पैशांचा हिशेब रुपयांत लिहिण्यासारखं झालं.

दुसरी अडचण झाडांची. रडारला दाट जंगलात खालची माती नीट दिसत नाही, तो झाडांच्या शेंड्यांजवळची उंची देतो. मोलेच्या जंगलात याचा अर्थ काय ते उघड आहे. झाडी संपून मोकळी जागा आली की नकाशात जमीन एकदम खचते. ३०० मीटर अंतरात ५ मीटरची चूक झाली तरी ६० ला १ असा खोटा चढ तयार होतो. मग घाटात ब्रेक कुठं धरायचा याचा सगळा सरावच खोटा ठरतो. त्यासाठी आता 'फॅबडेम' हा पर्याय आहे. युरोपच्या 'कोपर्निकस' उंची नकाशातून झाडं आणि इमारती वजा करून ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. बिनव्यापारी वापराला मोफत आहे. इस्रोचा 'कार्टोडेम'ही 'भुवन'वर मिळतो, पण त्याची उंची समुद्रसपाटीपासून नसून पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. आपल्या किनाऱ्यावर हा फरक ६० मीटरहून जास्त भरतो. दोन्हीकडचे आकडे न बदलता एकत्र केले तर गाव समुद्राखाली जातं!

म्हणून जाणकार मंडळी उलट्या क्रमानं जातात. आधी रूळ, मग जमीन. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती पक्की धरायची. रुळाशेजारच्या खांबांवर चढ-उतार लिहिलेला असतो, गाडीच्या खिडकीतून काढलेल्या व्हिडिओत तो वाचता येतो. रुळांची वळणं उपग्रह चित्रावरून घ्यायची. स्टेशन ते स्टेशन उंचीचा हिशेब जुळला की मगच जमीन रुळापर्यंत ओढायची, कटिंगमध्ये खाली आणि भरावावर वर. हिशेब जुळत नसेल तर जमीन ओढून ती चूक झाकू नये. मधला एखादा खांब चुकीचा वाचलेला असतो, तो शोधावा.

दूधसागरला हा नियमही मोडावा लागतो. पूल आहे तिथं जमीन वर ओढली की दरीच बुजते आणि धबधब्याच्या जागी मातीचा बांध उभा राहतो. तिथं जमीन तशीच ठेवून रूळ हवेतून न्यायचा. बोगद्याचं तर आणखी निराळं. या नकाशात एका जागेला एकच उंची असते, डोंगर आणि त्याच्या पोटातली वाट दोन्ही मावत नाहीत. त्यामुळं बोगद्याच्या तोंडाशी जमिनीला भोक पाडून आत बोगद्याचा तयार तुकडा बसवतात. कड्याचंही तेच, सरळ कातळ घसरगुंडीसारखा दिसतो. तिथं खडक वेगळे ठेवावे लागतात.

कुणाला जुनी मीटरगेज लाइन हवी असते. घाटातला मार्ग १८८० च्या दशकातला, ब्रॉडगेज झाली १९९० च्या दशकात. त्या काळासाठी अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात छापलेले अडीच लाखाला एक प्रमाणाचे नकाशे कामाला येतात. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते बघायला मिळतात. सावर्डे-कुडचडे भागात तर जमीनच बदललेली आहे. २०१२ मध्ये बंदी येईपर्यंत खाणींचे खड्डे आणि मातीचे ढीग वाढतच होते. २००० च्या आकड्यांत एक खाण दिसते, २०११ नंतरच्या कोपर्निकसमध्ये दुसरीच. कुठल्या सालची गाडी चालवायची ते आधी ठरवलेलं बरं.

एक गोष्ट टाळायची, मोजमापासाठी घाटात रुळावरून चालत जाणं. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अरुंद कटिंगमध्ये आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागाही नसते. मोबाइलचा जीपीएस खिडकीपाशी धरून केलेली नोंद पुरेशी आहे. बोगद्यात ती तुटते, तेवढा भाग दोन्ही तोंडं जोडून भरून काढायचा.

आणखी एक. दुपदरीकरणाच्या आराखड्यातली दुसरी लाइन बघून काही जण घाटात डबल लाइन टाकतात. कॅसलरॉक–कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली. त्यामुळं घाटात रूळ एकेरीच टाकायचा आणि समोरून येणारी गाडी करंझोळ, दूधसागर किंवा सोनावळीला थांबवून सोडायची.