दुचाकी आणि मार्गिका : मोकळी फट म्हणजे रस्ता नव्हे

नवी दिल्ली : दोन मोटारींच्या मधली फट दिसताच दुचाकी तिकडे वळते, हे भारतातील कोणत्याही शहराच्या सिग्नलवरचे नेहमीचे दृश्य आहे. चार चाकांना जे शक्य नाही ते दोन चाकांना जमते. दुचाकीची ही सोयच तिचा धोकाही ठरते. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. या अपघातांची कारणे अनेक आहेत; परंतु मार्गिकेत कोठे राहायचे आणि ती केव्हा बदलायची, हा निर्णय बहुतांशी स्वाराच्याच हाती असतो.

कायद्यातील तरतूद

२०१७ मध्ये लागू झालेल्या वाहन चालविण्यासंबंधीच्या केंद्रीय विनियमांनुसार, मार्गिका आखलेल्या रस्त्यावर वाहन मार्गिकेतच ठेवणे आणि योग्य इशारा देऊनच मार्गिका बदलणे बंधनकारक आहे. तुटक पांढरी रेषा सुरक्षित असल्यास ओलांडता येते. अखंड रेषा ओलांडू नये. पुढील वाहनाच्या उजवीकडून पुढे जाणे हा सर्वसाधारण नियम आहे. विनियमांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ अ नुसार ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो. नियमबाह्य रीतीने दुसऱ्या वाहनास मागे टाकणे धोकादायक ठरल्यास कलम १८४ लागू होते. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

एका मार्गिकेत तीन जागा

महामार्गावरील मार्गिका साधारण ३.५ मीटर रुंद असते, तर दुचाकीची रुंदी एक मीटरहूनही कमी असते. त्यामुळे स्वाराला एकाच मार्गिकेत डावा, मधला व उजवा अशा तीन जागा उपलब्ध असतात. मोटारींची चाके जेथून जातात त्या दोन पट्ट्यांवर रस्ता तुलनेने स्वच्छ असतो. मधल्या पट्ट्यात, विशेषतः सिग्नलजवळ, वाहनांतून गळलेले तेल साचते. अगदी डाव्या कडेला खडी, गटारांची झाकणे, थांबलेल्या रिक्षा आणि अचानक उघडणारे मोटारींचे दरवाजे यांचा धोका असतो.

पुढील मोटारीच्या मागे उजव्या चाकाच्या रेषेत राहिल्यास तिच्या चालकाला दुचाकी आरशात दिसण्याची शक्यता वाढते आणि स्वारालाही पुढचा रस्ता दिसतो. मात्र ही जागा कायमची नसते. समोरून येणारे वाहन मध्यरेषेजवळ आले किंवा रस्ता उजवीकडे वळला, तर स्वाराने डावीकडे सरकावे. कोणत्याही जागी पुढील वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर हवे. ताशी ६० किलोमीटर वेगाने ते सुमारे ३३ मीटर भरते. पावसात ते दुप्पट ठेवावे.

मार्गिका बदलण्याचा क्रम

प्रथम आरसा, मग इंडिकेटर, त्यानंतर खांद्यावरून एक झटकन नजर आणि शेवटी हालचाल, हा क्रम बदलू नये. दुचाकीचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात. त्यांत मागचे वाहन प्रत्यक्षापेक्षा दूर भासते. आरशात न येणारा भाग, ज्याला ‘ब्लाइंड स्पॉट’ म्हणतात, तो मान वळवल्याखेरीज दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने दुचाकी सेकंदाला १६ मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणूनच पुढे पुरेशी मोकळी जागा असल्याची खात्री करूनच मान वळवावी. एका वेळी एकच मार्गिका बदलावी आणि नंतर इंडिकेटर आठवणीने बंद करावा. चालू राहिलेला इंडिकेटर मागच्या चालकाची दिशाभूल करतो.

अवजड वाहनांच्या शेजारी

ट्रक किंवा बसच्या शेजारी समांतर चालणे सर्वाधिक धोक्याचे असते. भारतात चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे वाहनाच्या डाव्या अंगाचा मोठा भाग त्याच्या नजरेआड राहतो. लांब वाहन डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. अशा वेळी वाहन आणि पदपथ यांच्या मधल्या जागेत शिरलेल्या दुचाकीसाठी बाहेर पडायला वाट उरत नाही. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर चालकालाही आपण दिसत नाही असे गृहीत धरावे. अशा वाहनाच्या मागे राहावे किंवा मोकळी जागा असताना उजवीकडून विलंब न करता पुढे जावे.

पावसात मार्गिकेच्या रंगवलेल्या रेषा आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात. रेषेवरून लांबपर्यंत चालण्याऐवजी ती थोडक्यात ओलांडावी. त्या क्षणी जोराने ब्रेक लावणे किंवा दुचाकी अधिक झुकवणे टाळावे.

वाहने थांबलेली असतानाही दोन रांगांमधली फट सुरक्षित नसते. पादचारी मधूनच बाहेर येतो, प्रवासी दरवाजा उघडतो किंवा कंटाळलेला चालक इशारा न देता शेजारच्या रांगेत घुसतो. त्या फटीतून दुचाकी येईल, अशी अपेक्षा यांपैकी कोणीही केलेली नसते.