लोकनायक कोण?

सप्टेंबर २०१९. 'कौन बनेगा करोडपती'चा अकरावा सीझन चालू होता. त्या आठवड्यात अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी रुपये जिंकल्या. अंजनगाव म्हणजे अमरावती जिल्हा, आमच्या यवतमाळचा शेजारीच. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणारी बाई, महिन्याचा पगार दीड हजार, आणि एक कोटीचा प्रश्न काय, तर १८५७च्या उठावाची हकिगत सांगणारं 'दास्तान-ए-गदर' कोणत्या दरबारी शायरानं लिहिलं! उत्तर होतं जहीर देहलवी. मला विचारलं असतं तर मी तिथेच उठून घरी आलो असतो. आमच्या गल्लीत मात्र असा आनंद झाला की जणू आम्हीच उत्तर दिलं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सोनाक्षी सिन्हा त्या खुर्चीच्या शेजारी बसली होती. राजस्थानच्या रूमा देवींना साथ द्यायला आली होती. प्रश्न आला, हनुमानानं संजीवनी कोणासाठी आणली? सुग्रीव, लक्ष्मण, सीता की राम? बाईंना येईना. लाइफलाइन घेतली. झालं! वडील शत्रुघ्न, काकांची नावं राम, लक्ष्मण, भरत, भाऊ लव आणि कुश, घराचं नाव 'रामायण', आणि हिला संजीवनी माहीत नाही! रात्रीतून व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर आला. आमच्या घरातही सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

हसून झाल्यावर मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. एक तर तिनं चुकीचं उत्तर दिलंच नव्हतं. येत नव्हतं म्हणून विचारलं होतं. आणि दुसरं म्हणजे मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायची तर तीसेक वर्षं मागे जावं लागेल.

मी नववीत होतो. आमच्या शाळेची टीम पुण्यातल्या एका आंतरशालेय प्रश्नमंजुषेसाठी निवडली गेली. तिघे पोरं आणि एक सर. धामणगावपर्यंत एसटी, तिथून रात्रभर रेल्वे. आईनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मनमाड यायच्या आत संपली. एवढा मोठा हॉल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. माइकसुद्धा पहिल्यांदाच हातात घेतला.

दुसऱ्या फेरीत माझ्यावर प्रश्न आला, "लोकनायक या नावाने कोणाला ओळखले जाते?"

एवढा सोपा प्रश्न! मी छाती फुगवून म्हटलं, "बापूजी अणे."

हॉलमध्ये आधी शांतता, मग हशा. प्रश्न विचारणारे गृहस्थही हसले. "कोण अणे? अरे, जयप्रकाश नारायण!" म्हणाले आणि प्रश्न पुढच्या टीमकडे गेला. समोर तीन परीक्षक बसले होते. त्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते आता काहीतरी बोलतील असं वाटलं. बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आमचे सरही नाही. माझे कान तापले होते आणि नजर टेबलावरच्या हिरव्या कापडावर होती. ते कापड मला अजून दिसतं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग तू सांगतलं काऊन नाही?" आई म्हणाली, "जाऊ द्या ना जी, पोरगं घाबरलं असन." बाबा त्या रात्री बराच वेळ गप्प होते.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माधव श्रीहरी अणे. जन्म १८८०, वणीचा. वकिली यवतमाळला. टिळकांचे अनुयायी. जुलै १९३० मध्ये पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. आमच्याकडे समुद्र नाही, मिठागरं नाहीत, मग कायदा मोडायचा कसा? तर गवत कापून. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी तिथला राजीनामा देऊन बाहेर पडले. १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते. १९६८ साली गेले. जयप्रकाशजींच्या नावामागे 'लोकनायक' देशभर लागलं ते सत्तरच्या दशकातल्या बिहार आंदोलनात. त्याच्या कितीतरी आधीपासून यवतमाळात लोकनायक म्हणजे बापूजी अणे. तेव्हा माझं उत्तर चूक नव्हतं. फक्त त्यांच्या हातातल्या कार्डावर ते नव्हतं.

पुढे मोठा झाल्यावर टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषांचा इतिहास वाचायचा नादच लागला, आणि त्यात मला हर्बर्ट स्टेम्पेल भेटला.

१९५६ साल, अमेरिका. एनबीसी वाहिनीवर 'ट्वेंटी वन' नावाचा कार्यक्रम होता. स्टेम्पेल हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला साधा माणूस, आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. त्याला उत्तरं आधीच सांगितली जायची हा भाग निराळा. निर्मात्यांना वाटू लागलं की आता लोकांना नवा चेहरा हवा. तो सापडला चार्ल्स व्हॅन डोरेन. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा, दिसायला राजबिंडा, साहित्यिकांच्या घराण्यातला. मग स्टेम्पेलला सांगण्यात आलं की तू हरायचं. कशावर? तर १९५५चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला, या प्रश्नावर. उत्तर 'मार्टी'. हा चित्रपट स्टेम्पेलनं तीनदा पाहिला होता! त्यानं गयावया केली म्हणे, की दुसरा कोणताही प्रश्न द्या, हा नको. पण ५ डिसेंबर १९५६ला देशासमोर, काचेच्या खोलीत घाम पुसत, त्यानं 'ऑन द वॉटरफ्रंट' असं चुकीचं उत्तर दिलं. व्हॅन डोरेन रातोरात हिरो झाला. १९५९च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यानंच सगळं कबूल केलं आणि १९६० साली असले बनाव करणं तिथे कायद्यानं गुन्हा ठरलं.

हे वाचलं तेव्हा मला त्या घोटाळ्यापेक्षा 'मार्टी'चंच जास्त वाईट वाटलं. येत असलेल्या उत्तरावर चुकायचं, आणि ते का, तर कोण पडलेलं बघायला लोकांना आवडेल हे कोणीतरी ठरवलंय म्हणून.

आपल्याकडे असलं काही नव्हतं, पण खुर्चीत कोण बसणार हे ठरलेलंच होतं. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' सुरू झालं. कॉलेजांच्या टीम, फाडफाड इंग्रजी. आमच्या वाड्यात एकच टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट. आम्ही दहा-बारा पोरं समोर मांडी घालून बसायचो. प्रश्न कळायचा नाही, उत्तर कळायचं नाही, टाळ्या तेवढ्या कळायच्या. त्यात कोणी चुकलं तरी आम्हाला हसू यायचं नाही, कारण चुकलं हेच मुळी समजायचं नाही!

पंधरा वर्षांनी त्याच सिद्धार्थ बसूंच्या कंपनीनं 'कौन बनेगा करोडपती' केलं. ३ जुलै २०००, स्टार प्लस, रात्री नऊ. हिंदीत. रात्री नऊ ते दहा यवतमाळच्या रस्त्यांवर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला. मराठी पोरगा, यूपीएससीची तयारी करणारा. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची परवानगी घटनेनं कोणाला दिली आहे, हा शेवटचा प्रश्न, आणि उत्तर अ‍ॅटर्नी जनरल. नंतर कित्येक महिने आमच्याकडच्या पानठेल्यांवरही अ‍ॅटर्नी जनरलची चर्चा चालायची.

या कार्यक्रमानं खुर्ची बदलली आणि हसणंही बदललं. आता खुर्चीत आपल्यासारखी माणसं बसू लागली आणि प्रश्न आपल्याला कळू लागले. मग "अरे, एवढं येत नाही?" म्हणण्याचा हक्क घराघरात पोचला. पलंगावर लोळत, समोर पोह्यांची प्लेट घेऊन, आपण सगळे हुशार.

पण त्या खुर्चीतल्या चुकीची किंमत प्रत्येकाला सारखी नसते. डिसेंबर २०१३ मध्ये करण जोहरच्या गप्पांच्या कार्यक्रमात आलिया भटला झटपट प्रश्नांच्या फेरीत विचारलं, भारताचे राष्ट्रपती कोण? ती म्हणाली, पृथ्वीराज चौहान. राष्ट्रपती होते प्रणव मुखर्जी. पृथ्वीराज चव्हाण तेव्हा आपले मुख्यमंत्री होते आणि पृथ्वीराज चौहान ११९२ मध्येच गेले होते. देशभर हसू झालं. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, तिनं 'जीनियस ऑफ द इयर' नावाच्या व्हिडिओत स्वतःवरच विनोद करून घेतले आणि लोक तिच्यावर आणखी खूश झाले. छान केलं. पण तिला ते परवडत होतं.

आता बबिताताईंचं बघा. एक कोटीनंतर सात कोटींचा प्रश्न आला. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? उत्तर होतं बिहार (झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद). बबिताताई तिथे थांबल्या. चुकल्या असत्या तर एक कोटीवरून थेट ३ लाख २० हजारांवर. म्हणजे एका चुकीची किंमत ९६ लाख ८० हजार. दीड हजार महिन्यानं तो पाचशे वर्षांहून जास्त काळाचा पगार होतो. आणि २०११ साली आमच्याच जिल्ह्यातली, शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेली एक तरुण बाई त्या खुर्चीत बसली होती. ६ लाख ४० हजार जिंकून आली. ती उत्तर देत होती तेव्हा आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. ती चुकली असती तर हसायची कोणाची छाती झाली असती?

म्हणजे आपण नुसत्या चुकीला हसत नाही. चुकणारा कोण आहे हे आधी बघतो. कधी मोठ्या घरचं माणूस आपल्यापेक्षा लहान झालं म्हणून हसतो, कधी लहान गावचं पोरगं मोठ्या हॉलमध्ये चुकलं म्हणून.

असो. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, कारण लेख माझ्या बाजूनं संपला असता. पण पुढचं सांगितल्याशिवाय ते खरं होणार नाही.

मागच्या हिवाळ्यात वणी तालुक्यातल्या एका शाळेत प्रश्नमंजुषा घ्यायला मला बोलावलं होतं. प्रश्न मीच काढले. इतक्या वर्षांची भडास, दुसरं काय! सातव्या क्रमांकाचं कार्ड मुद्दाम लिहिलं, "लोकनायक कोणाला म्हणतात?" आणि खाली उत्तर, बापूजी अणे. त्यांच्याच गावच्या तालुक्यात हा प्रश्न विचारायचा, पोरांनी एका सुरात उत्तर द्यायचं, आणि माझा पुण्याचा हिशेब चुकता व्हायचा, असं सगळं मनात ठरलेलं होतं.

आठवीतला एक बारका पोरगा उठला. शर्टाचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. ठणठणीत आवाजात म्हणाला, "जयप्रकाश नारायण, सर."

आणि मी म्हटलं, "चूक."

मागच्या बाकांवरची पोरं फिस्सकन हसली. त्या पोराचे कान लाल होताना मला दिसले. त्यानं मान खाली घातली आणि तो टेबलाकडे बघू लागला. टेबलावर कापड नव्हतं, एवढाच काय तो फरक.

दोन-चार सेकंदच गेले असतील. मला बाबांचं वाक्य ऐकू आलं. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "थांबा. चुकलं माझं. त्याचं उत्तर बरोबर आहे." त्याला पूर्ण गुण दिले. मग सगळ्यांना सांगितलं की आणखी एक लोकनायक आहेत, तुमच्या वणीचे, आणि पुसदच्या गवताची गोष्ट सांगितली. पोरांनी ऐकली. किती लक्षात राहील कोणास ठाऊक.

कार्यक्रम संपल्यावर तो पोरगा माझ्याकडे आला. वाटलं, काहीतरी गोड बोलेल. म्हणाला, "सर, मंग तुम्ही आधी चूक काऊन म्हटलं?"

मी त्याला खरं ते सांगितलं. कार्डावर एकच नाव होतं, आणि ते कार्ड मीच लिहिलं होतं.