डेल्टा : परक्या आवरणातला विषाणू

१/ १९७६ साली बरूक ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी शोधलेल्या ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’मुळे हिपॅटायटिस बी हा विषाणू ओळखता आला होता. हे कोडे सुटले असे वाटत असतानाच, पुढच्याच वर्षी, इटलीतील तुरीन शहरातून एक न जुळणारे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

२/ मारिओ रिझेट्टो हे बी विषाणूच्या रुग्णांच्या यकृताचे नमुने तपासत होते. चकाकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे नमुन्यावर सोडली की प्रतिजन असेल तिथे पेशी उजळते. काही रुग्णांच्या पेशींची केंद्रके उजळली. हा बी विषाणूचा गाभा असावा, असे वाटणे स्वाभाविक होते. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गाभ्याचे कण दिसेनात.

३/ म्हणजे प्रतिजन नवा होता. त्याला ‘डेल्टा’ हे ग्रीक अक्षराचे नाव मिळाले. तो केवळ बी-बाधितांतच आढळत असल्याने बी विषाणूचाच एखादा अज्ञात घटक मानला गेला. अनुमान तर्कशुद्ध होते. पण चुकीचे होते.

४/ पुढे अमेरिकेत रॉबर्ट पर्सेल आणि जॉन गेरिन यांच्यासह रिझेट्टोंनी चिंपांझींवर प्रयोग केले. आधीच बी विषाणू बाळगणाऱ्या चिंपांझींत डेल्टा झपाट्याने वाढला आणि बीच्या खुणा मात्र मंदावल्या. विषाणूचा स्वतःचाच घटक त्याला असा दडपील कसा? हा कोणी दुसराच होता.

५/ १९८० मध्ये त्याची रचना उलगडली : बाहेर बी विषाणूचे आवरण, आत डेल्टा प्रतिजन आणि इवलासा आरएनए. १९८६ मध्ये त्याचा जनुकीय क्रम वाचला गेला. सुमारे १,७०० न्यूक्लिओटाइडांचे ते वर्तुळ प्राण्यांच्या विषाणूंपेक्षा वनस्पतींतील व्हायरॉइडांशी अधिक साम्य दाखवत होते.

६/ दरम्यान या शोधाने जुन्या मृत्यूंचा उलगडा होऊ लागला. ब्राझीलमध्ये पुरूस नदीकाठच्या लाब्रेया गावाच्या नावाने एक जीवघेणा ‘काळा ताप’ ओळखला जाई. १९८०च्या दशकातील अभ्यासांत त्यामागे डेल्टाचा हात दिसला.

७/ व्हेनेझुएलातील युक्पा आदिवासींत १९७९ ते १९८१ या काळात काविळीची साथ आली. १४९ जण आजारी पडले, ३४ दगावले. ज्यांच्या शरीरात बी विषाणू आधीच वस्तीला होता, त्यांच्यावर डेल्टा येऊन आदळला होता.

८/ हा क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही विषाणू एकदम शिरले, तर बहुतेक प्रौढ बरे होतात. बी आधीपासून मुक्कामाला असेल, तर डेल्टाला आयते आवरण मिळते. आजार बहुधा जुनाट होतो आणि यकृत लवकर निकामी होऊ शकते.

९/ झाडच नसेल तर बांडगूळ कुठे रुजणार? म्हणून बी विषाणूची लस डेल्टालाही रोखते. मात्र ज्यांना बीची लागण आधीच झाली आहे, त्यांना या लसीचा उपयोग नाही. दोन्ही विषाणूंचे यकृताच्या पेशीतील प्रवेशद्वार अडवणाऱ्या बुलेव्हिर्टाइड या औषधाला युरोपीय संघात २०२० मध्ये सशर्त मान्यता मिळाली.

१०/ औषधाआधी निदान हवे. १९७७ ची चूक आजही घडू शकते : यकृत खालावत जाते, सारा दोष बी विषाणूला दिला जातो, आणि डेल्टाची रक्ततपासणी होतच नाही. रिझेट्टोंनी न जुळणारे निरीक्षण बाजूला सारले नाही. बी-बाधित रुग्णाच्या बाबतीत तीच सावधगिरी आजही आवश्यक आहे.